दार ६.४० ला का बंद होतं?

आपला सकाळचा योगवर्ग ६.३० ला सुरू होतो आणि ६.४० ला दार लावलं जातं. ‘पाचच मिनिटं उशीर झालाय, घ्या ना आत’ हे आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते आणि नाही म्हणताना मलाही वाईट वाटतं. म्हणून एकदा नीट लिहूनच देते.

उशिरा येणाऱ्यांना वाटतं, पहिली वीस मिनिटं म्हणजे नुसतं घोटे आणि मनगटं फिरवणं, खरी आसनं पुढे. साठीनंतरच्या सांध्यांसाठी गोष्ट अगदी उलटी आहे. ‘वंगण संपलंय’ असं आपण सर्रास म्हणतो ना? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी. त्या गादीत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या द्रवातूनच होतं. दाब पडला की द्रव बाहेर, सुटला की आत, ओल्या स्पंजासारखं. हे घडायला सांधा हलावा लागतो. रात्रभर न हललेला गुडघा सकाळी धरतो आणि जरा चाललं की सुटतो, हा तर तुमचाही अनुभव असेल.

‘पण मी तळजाई टेकडीवरून फिरून आलोय, अंग गरमच आहे!’ काका, फिरणं उत्तमच. मात्र सपाटीवर चालताना गुडघा साधारण ६० अंशांपर्यंतच वाकतो. वज्रासनाला त्याच्या दुपटीहून जास्त वाकावा लागतो. खांदे आणि मनगटं तर चालण्यात जवळजवळ सुटीवरच असतात. गेल्या पावसाळ्यात एक काका असेच टेकडीवरून येऊन थेट वज्रासनात बसले. मी अडवलं नाही, चूक माझीही. संध्याकाळी गुडघा सुजला आणि पुढचे पंधरा दिवस वर्ग बुडाला. दार लावायला लागले ते तेव्हापासून.

त्या वीस मिनिटांतली एक कृती घरीही करता येईल. पाय लांब करून बसा, हवं तर भिंतीला टेकून. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती हळूच दाबा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट होतो, वाटी किंचित वर सरकते. हात ठेवलात तर कळेल. पाच आकडे धरा, सोडा. दहा वेळा, श्वास न रोखता. झिजलेली गादी आसनांनी भरून येत नाही, आणि मी तसं कधीच सांगणार नाही. पण हा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो पेलतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या उतरताना फरक जाणवतो तो याच्यामुळे.

खुर्ची किंवा पट्टा दिला तर कृपया कमीपणा मानू नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि साधनं घेऊन आसन करण्याची पद्धत त्यांनी याच शहरातून जगभर नेली. आपल्याकडे दहाच जणांची तुकडी असते, कारण प्रत्येकाची खुर्ची मला स्वतः लावून द्यायची असते.

गुडघा सुजलेला किंवा गरम लागत असेल, सकाळचा ताठरपणा तासाभरानंतरही जात नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. सांधा बदलला असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, तिसऱ्या आठवड्यात नको. नेहमीचं बारीक दुखणं असेल तर मात्र घरी बसू नका, या. त्या दिवशी तुमच्यासाठी कमी करून घेऊ.

६.३० जमतच नसेल तर ८ ची तुकडी आहे, आणि थंडीत सकाळी फारच आखडणाऱ्यांसाठी संध्याकाळी ५.३० ला खुर्चीवरचा वर्ग. फी तीच, तुकडी बदलायचे वेगळे पैसे नाहीत. पहिला वर्ग पैसे न भरता करून बघा. येताना घरातला एक जाड टॉवेल आणा आणि दहा मिनिटं आधी या.