आधी पाट्या, मग सिनेमा: आजच्या जर्मनभाषक चित्रपटांची पार्श्वभूमी

आजच्या जर्मनभाषक चित्रपटांचा महोत्सव बघायला बसलं, की प्रत्येक खेळाआधी पडद्यावर पाट्यांची रांग लागते: झेडडीएफ आणि आर्टे या टीव्ही वाहिन्या, एखाद्या प्रांताचा चित्रपट निधी, एफएफए ही जर्मनीची चित्रपट अनुदान संस्था, चित्रपट ऑस्ट्रियाचा असेल तर तिथली सार्वजनिक वाहिनी ओआरएफ. प्रेक्षक तेवढ्यात मोबाइल बंद करून घेतात. खरं तर या सिनेमाची अर्धी कहाणी त्या पाट्यांतच आहे. तो नुसत्या तिकीटविक्रीवर जगलेला नाही. सरकार, टीव्ही आणि फिल्म स्कूल यांच्या पैशांवर तो वाढला, आणि त्या पैशांवरून झालेल्या भांडणांतून घडला.

पन्नाशीच्या दशकात पश्चिम जर्मनीत डोंगरदऱ्यांतल्या गावांच्या गोडगोड कथा जोरात चालत. मग घरोघरी टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडू लागली. २८ फेब्रुवारी १९६२ रोजी रूर भागातल्या ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात २६ जणांनी जाहीरनामा काढला: जुना सिनेमा मेला, आमचा विश्वास नव्यावर आहे. (सव्वीसच्या सव्वीस पुरुष, हेही नोंदवून ठेवायला हवं.) घोषणेचं कौतुक खूप झालं; मला त्यामागची खटपट जास्त मोलाची वाटते. या मंडळींतला अलेक्झांडर क्लुगे पेशाने वकील. सरकारदरबारी कुठे आणि कशी दारं ठोठवायची, हे त्याला ठाऊक होतं. १९६५ मध्ये तरुण दिग्दर्शकांसाठी ‘कुराटोरियम’ ही मदतसंस्था स्थापन झाली आणि पहिल्या चित्रपटासाठी तीन लाख मार्कांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळू लागलं. पुढच्याच वर्षी क्लुगेने व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ‘सिल्व्हर लायन’ पटकावला.

जुने निर्माते गप्प बसणारे नव्हते. १९६८ पासून लागू झालेल्या कायद्याने तिकिटामागे अधिभार बसला, तो गोळा करून वाटायला एफएफए ही संस्था आली, आणि ज्याचा आधीचा सिनेमा चालला त्याला पुढच्यासाठी पैसे अशी सोय झाली. त्यातून स्वस्त विनोदी आणि चावट चित्रपटांचं पेव फुटलं. नव्यांना आधार दिला तो टीव्हीने. १९७४ च्या करारानुसार वाहिन्यांनी चित्रपटांत पैसे घालायचे, चित्रपट आधी थिएटरात लावायचा आणि मग टीव्हीवर दाखवायचा, असं ठरलं. फासबिंडर, हर्झोग, वेंडर्स या दिग्दर्शकांची भरभराट याच काळातली. मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांमधल्या जुन्या मंडळींना जर्मन सिनेमा म्हटलं की अजूनही हीच नावं आठवतात.

१९८२ मध्ये फासबिंडर गेला आणि त्याच वर्षी हेल्मुट कोल यांचं पुराणमतवादी सरकार आलं. १९८३ मध्ये गृहमंत्री त्सिमरमान यांनी येशूवरच्या एका खोडसाळ चित्रपटासाठी दिग्दर्शक आख्टरनबुश याला मंजूर झालेल्या पैशांचा शेवटचा हप्ता अडवला. सरकारी पैसा घेण्याचा धोका असा उघडा पडला. नव्वदीत हलक्याफुलक्या प्रेमविनोदांची चलती होती. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

खरी हालचाल बर्लिनच्या डीएफएफबी या १९६६ च्या फिल्म स्कूलमध्ये चालली होती. याच संस्थेने फासबिंडरला प्रवेश नाकारला होता, आणि १९६८ च्या आंदोलनात १८ विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. त्यांत हारुन फारोकी होता, एका भारतीय डॉक्टरचा मुलगा. पुढे तोच तिथे शिकवायला आला. दिग्दर्शक क्रिस्टियान पेट्झोल्ड त्याचा विद्यार्थी. पेट्झोल्डच्या अनेक पटकथांवर गुरूचा हात फिरला आहे. २००० साली आलेल्या ‘डी इनेरे झिशरहाइट’मध्ये भूमिगत राहणारं एक डावं अतिरेकी जोडपं आहे, पण कॅमेरा त्यांच्या किशोरवयीन मुलीबरोबर राहतो. तिला हवे असतात चारचौघींसारखे कपडे आणि एक मित्र. भाषणबाजी नाही, स्फोट नाहीत. समीक्षकांनी या वळणाला ‘बर्लिन स्कूल’ म्हटलं. थिएटरात गर्दी मात्र कधी झाली नाही. डोमिनिक ग्राफ या टीव्ही थ्रिलरमध्ये मुरलेल्या दिग्दर्शकाने पेट्झोल्ड आणि त्याच वळणाचा दिग्दर्शक होखहॉयझलर यांच्याशी ईमेलवर वाद घातला, कथेची एवढी भीती कशाला, म्हणून. त्यातूनच २०११ मध्ये तिघांनी एका फरारी कैद्याभोवती टीव्हीसाठी तीन चित्रपट केले.

हॅम्बुर्गचा फातिह आकिन वेगळ्या वाटेने आला. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार जर्मनीत आले. त्या स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीतला तो. २००४ मध्ये त्याने बर्लिन महोत्सवाचा ‘गोल्डन बेअर’ जिंकला.

ऑस्ट्रियात चित्रपट अनुदानाचा कायदा १९८० चा. तिथल्या दिग्दर्शक मिशाएल हानेकेने आधी अनेक वर्षं टीव्हीत घालवली आणि पहिला थिएटरपट १९८९ मध्ये केला. २००९ मध्ये कृष्णधवल ‘द व्हाइट रिबन’साठी त्याला फ्रान्समधल्या कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. स्वित्झर्लंडची अडचण निराळीच: तिथल्या बोलीतला चित्रपट जर्मनीत डब करून किंवा उपशीर्षकं लावून दाखवावा लागतो.

अलीकडे पाट्या बदलू लागल्या आहेत. २०२३ मध्ये चार ऑस्कर मिळवणाऱ्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’वर नाव नेटफ्लिक्सचं होतं. पण २०२५ मध्ये कान महोत्सवात माशा शिलिन्स्की या दिग्दर्शिकेला ज्या चित्रपटासाठी ज्युरी पारितोषिक विभागून मिळालं, त्याची सहनिर्माती होती झेडडीएफची ‘दास क्लाइने फर्नझेशपील’ ही शाखा. नवख्या दिग्दर्शकांना पैसे देण्याचं तिचं काम अजून चालू आहे.