बेस गिटारमधील सिंगल कॉइल पिकअपचा हम

एकच वेटोळे असलेला (सिंगल कॉइल) पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून तिचा विद्युत संकेत करणारा भाग, बसवलेली इलेक्ट्रिक बेस गिटार अँपला (ध्वनिवर्धकाला) जोडून आवाज वाढवला, की एकही तार न छेडता स्पीकरमधून खर्जातली अखंड घूं घूं सुरू होते. वादक तिला ‘हम’ म्हणतात. हा वाद्यातला बिघाड नव्हे. आसपासच्या वायरिंगमधून आणि यंत्रांतून वाहणाऱ्या विजेचे चुंबकीय क्षेत्र पिकअपच्या वेटोळ्यात शिरते, त्याचा हा आवाज. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने हा सूर हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाचच्या थोडा वर लागतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, त्यामुळे तिथला हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळपास मधोमध पडतो.

गिटारवादकापेक्षा बेसवादकाला हम जास्त छळतो, त्याचे कारण या आकड्यांतच आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार ४१.२ हर्ट्झला लागते आणि तिच्यानंतरची ए तार ५५ हर्ट्झला. हमचे ५० हर्ट्झ या दोन मोकळ्या तारांच्या मध्ये येतात. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरचा) जी सूर ४९ हर्ट्झचा आहे. सहा तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झची असल्यामुळे तिथे त्याखालचा भाग फिल्टरने बिनदिक्कत कापता येतो. बेसवर तो कापला तर हमबरोबर वाद्याचा पायाही जातो. शिवाय हम एकटा येत नाही, त्याच्या पटीतल्या वारंवारताही सोबत येतात. त्यातली १०० हर्ट्झची वारंवारता मोकळ्या जी तारेच्या, म्हणजे ९८ हर्ट्झच्या, शेजारीच बसते.

पिकअपची रचना साधी असते. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेटोळ्यात विद्युत संकेत उमटतो. मायकल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. क्षेत्र तारेमुळे बदलले की भिंतीतल्या वायरमुळे, हे ओळखण्याची सोय वेटोळ्यात नसते. वेढे जितके जास्त तितका तारेचा आवाज मोठा, आणि हमही तितकाच मोठा. म्हणूनच हम घालवण्याचा कोणताही उपाय जोखताना तो तारेच्या आवाजाचे काय करतो, हे आधी ऐकले पाहिजे.

अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याला एकच सिंगल कॉइल पिकअप होता. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा, हम खोडून काढणारा पिकअप तयार करून १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९५९ मध्ये मिळाले. याच तत्त्वाची बेससाठी झालेली सर्वांत देखणी मांडणी १९५७ च्या प्रिसिजन बेसमध्ये दिसते. त्यात पिकअपचे दोन तुकडे करून ते मागेपुढे बसवले आहेत. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. दोन्हींचे वेढे उलट दिशांचे आणि चुंबकांचे ध्रुवही उलट.

ही दुहेरी उलटापालट नीट समजून घेण्यासारखी आहे. तारेच्या संकेताची दिशा दोन गोष्टींवर ठरते: वेढे कोणत्या दिशेने घातले आहेत आणि चुंबकाचा कोणता ध्रुव तारेकडे आहे. दोन्ही उलटवल्या तर संकेत पुन्हा सुलटा होतो. बाहेरून येणाऱ्या हमला मात्र पिकअपच्या चुंबकाशी काही देणेघेणे नसते, त्याची दिशा फक्त वेढ्यांवर ठरते. त्यामुळे दोन वेटोळी जोडली की हम एकमेकांना खोडतो आणि तारांचे सूर शाबूत राहतात. प्रिसिजनमध्ये प्रत्येक तार एकाच वेटोळ्याला ऐकू जाते, म्हणून तिचा सिंगल कॉइलसारखा मोकळा आवाजही बराचसा टिकतो. माझ्या मते हमवर यापेक्षा नेटका उपाय बेसवर अजून झालेला नाही.

१९६० मध्ये आलेल्या फेंडरच्याच जॅझ बेसवर दोन सलग सिंगल कॉइल पिकअप असतात, एक मानेकडे आणि एक ब्रिजकडे, म्हणजे तारांची खालची टोके जिथे अडकवलेली असतात तिकडे. ते एकमेकांच्या उलट असल्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना हम मावळतो. एक नॉब जरा खाली आणला की तोल ढळतो आणि हम डोके वर काढतो. एक पिकअप पूर्ण बंद केला की तो पुरता परततो. अडचण अशी की या वाद्याचे सर्वांत बोलके आवाज नेमके एकेकट्या पिकअपवर आहेत. अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या फ्रेटलेस (फ्रेट काढलेल्या) जॅझ बेसमधून जो नाकातून गायल्यासारखा, टोकदार सूर काढला, तो मुख्यतः ब्रिजकडच्या पिकअपचा. हम टाळण्यासाठी तो आवाज सोडून द्या, असे कोणत्याही बेसवादकाला सांगणे अन्यायाचे आहे. जॅझ बेसचा एकच पिकअप बदलताना नवा पिकअप जुन्याच्या उलट आहे ना, हे तपासावे लागते. वेढ्यांचा मेळ चुकला तर दोन्ही नॉब उघडूनही हम जात नाही. चुंबकाचा चुकला तर सूरच पोकळ होतो.

हम आणि ‘बझ’ यांची गल्लत फार होते. बझ म्हणजे माशी भणभणल्यासारखा चरचरीत आवाज. तो मुख्यतः विद्युत क्षेत्रातून येतो, आणि दिव्यांचे डिमर व हलक्या प्रतीचे चार्जर तो वाढवतात. त्यावर पिकअपच्या आणि नॉबच्या खोबणींना आतून तांब्याची पट्टी चिकटवणे किंवा वीजवाहक रंग देणे हा खरा उपाय आहे. पट्ट्यांचे जोड विजेच्या दृष्टीने अखंड हवेत. पट्टीचा गोंद वीजवाहक नसेल तर जोडांवर सोल्डरचा डाग द्यावा आणि सगळे आवरण अर्थला जोडावे. या आवरणाने हमही जाईल, ही समजूत मात्र चुकीची आहे. ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्यात अंदाजे ९ मिलिमीटर खोल गेल्यावर कुठे एक तृतीयांशाच्या आसपास उरते. कागदासारखी पातळ पट्टी त्याला काय अडवणार? दिवसभर खपून बेस आतून तांब्याने मढवला आणि घूं घूं जशीच्या तशी राहिली, अशी निराशा अनेकांच्या वाट्याला येते.

त्यामुळे हत्यारे काढण्यापूर्वी कान लावावा. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज राहिला, तर पिकअप निर्दोष आहे. दोष केबलमध्ये, अँपमध्ये किंवा दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाल्याने तयार होणाऱ्या ग्राउंड लूपमध्ये शोधावा. जुन्या अँपचे फिल्टर कपॅसिटर थकले की येणारी घूं घूं बहुधा १०० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक वर असते. तारांना हात लावताच आवाज घटत असेल तर तो घटणारा भाग बझचा. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला लावल्यावर पडतो, तर ब्रिजखालून अर्थकडे जाणारी वायर सुटलेली असते. बेस गळ्यात ठेवून जागेवरच गोल फिरताना आवाज कमीजास्त होत असेल, तर तो अस्सल चुंबकीय हम. एका विशिष्ट कोनात वेटोळ्याचा अक्ष क्षेत्राला काटकोनात येतो आणि हम जवळजवळ नाहीसा होतो. ध्वनिमुद्रणात ही युक्ती फुकट आणि हमखास उपयोगी पडते: खुर्ची त्या कोनात लावायची आणि हलायचे नाही. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन पावले लांब बसल्यानेही मोठा फरक पडतो, कारण त्याचे क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. घूं घूं थांबते म्हणून प्लगची जाड, अर्थची पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावणे जिवावर बेतू शकते. बेसच्या तारा ब्रिजमार्गे अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थ नसला, तर ती वीज वादकाच्या बोटांपर्यंत येते. स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथे मंचावरच, नीट अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेले. तात्पुरत्या मांडवात किंवा जनरेटरवर कार्यक्रम असेल, तर वाद्ये जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

हम कायमचा घालवायचा तर दुसरे वेटोळे लागतेच. जॅझ बेसच्या मापातच दोन प्रकारचे पर्यायी पिकअप मिळतात. स्प्लिट प्रकारात प्रिसिजनप्रमाणेच दोन दोन तारांना एकेक वेटोळे असते, फक्त ती एका ओळीत बसवलेली असतात. स्टॅक प्रकारात एकाखाली एक वेटोळी असतात. खालच्याला तारा कमी ऐकू येतात आणि हम पुरता. आवाज थोडा दबतो, पण चारही तारांखाली सलग चुंबकांची रांग राहते. तिसरा मार्ग चुंबक नसलेल्या मुक्या वेटोळ्याचा. कॅलिफोर्नियाच्या अलेम्बिक कंपनीने १९७० च्या दशकात आपल्या बेसवर दोन सिंगल कॉइल पिकअपांच्या मधोमध असे वेटोळे बसवले. ते फक्त हम टिपते आणि आतले सर्किट तो दोन्ही पिकअपांच्या संकेतातून वजा करते. अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे बेसमध्येच बसवलेले संकेत सबळ करणारे सर्किट, मात्र केवळ बॅटरीवर चालतो म्हणून हम खोडत नाही. तो लांब केबलमधला गोंगाट कमी करतो आणि पिकअपने टिपलेला हम सुरांइतकाच इमानाने पुढे पाठवतो. नॉइज गेट, म्हणजे संकेत ठरावीक पातळीखाली गेला की आवाज बंद करणारे उपकरण, दोन सुरांमधली शांतता राखते. सूर चालू असताना ती उघडी असते आणि हम त्या सुराखाली वाजतच असतो.