पेट्रेल आणि शिअरवॉटर

जवळजवळ सगळं आयुष्य भर समुद्रावर काढणारे आणि फक्त अंडं घालायला, पिल्लू वाढवायला जमिनीवर येणारे पक्षी. अल्बाट्रॉससकट हे सगळे प्रोसेलॅरीफॉर्मिस गणात येतात, लॅटिनमध्ये प्रोसेला म्हणजे वादळ, आणि गणाची खूण म्हणजे वरच्या चोचीवर बसवल्यासारखी दिसणारी नाकपुड्यांची नळी. जाती किती हे कोणाची यादी धरता त्यावर आहे, साधारण सव्वाशे ते दीडशेच्या मध्ये. दोन मीटर पंख पसरणारा जायंट पेट्रेल आणि 35-40 ग्रॅमचा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल एकाच गणातले, हे पटायलाच वेळ लागतो. स्टॉर्म पेट्रेलांचं पूर्वी एकच कुळ धरायचे, आता उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे अशी दोन कुळं करतात आणि जनुकीय पुरावा बघता तेच बरोबर वाटतं. डायव्हिंग पेट्रेलांचं वेगळं कुळ मात्र अलीकडे बरेच जण मोडतात. मराठीत या पक्ष्यांची इंग्रजी नावंच चालतात, इथेही तीच ठेवली आहेत.

नावाचा घोळ जुना आहे. पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखे उडतात म्हणून बायबलमधल्या पाण्यावर चाललेल्या सेंट पीटरवरून पेट्रेल, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ती बहुधा विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीच्या 1703 मधल्या लिखाणातून पसरली. पण त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, हा शब्द इंग्रजीत पिटरल अशा रूपात सापडतो, म्हणजे शब्द आधीचा आणि पीटर नंतर चिकटवलेला असं मानणं जास्त सुरक्षित. शिअरवॉटरचं सोपं आहे, शिअर म्हणजे कातरणं, वळताना पंखाचं टोक पाणी कापत गेल्यासारखं दिसतं. पफिनस या शास्त्रीय नावाने मात्र गोंधळ होतो, कारण पफिन म्हटलं की रंगीत चोचीचा भलताच पक्षी डोळ्यासमोर येतो. पूर्वी इंग्रजीत पफिन म्हणजे मँक्स शिअरवॉटरचं खारवून ठेवलेलं लठ्ठ पिल्लू, ते चवीने खायचे. पुढे बोलीतलं नाव दुसऱ्या पक्ष्याकडे गेलं, शास्त्रीय नावात ते मूळ पक्ष्यापाशीच राहिलं, म्हणून मँक्स शिअरवॉटर आजही पफिनस पफिनस.

आता नाक. ही नळी कशासाठी, यावर बराच वाद झालाय. पहिलं उत्तर मिठाचं. हे पक्षी समुद्राचं पाणी पितात, जादाचं मीठ डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी गाळून काढतात आणि तो खारट द्राव नाकातून बाहेर पडतो, हे क्नुट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांच्या 1950 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या कामातून नीट कळलं. पण अशा ग्रंथी गल (कुरव) आणि पाणकावळ्यांनाही असतात आणि त्यांना नळी नाही, त्यामुळे एकट्या मिठाने नळीचं कोडं सुटत नाही. दुसरं उत्तर कॉलिन पेनिक्विक यांनी सुचवलेलं, की नळीतून पक्ष्याला हवेचा वेग कळत असावा, विमानाला पिटो नळीतून कळतो तसा. कल्पना सुंदर आहे, पण ठाम पुराव्याच्या बाबतीत ती अजून मागेच आहे.

तिसरं उत्तर वासाचं, आणि तेच आज सगळ्यात भक्कम दिसतं. पक्ष्यांना वास येतच नाही असा समज 1820 च्या दशकात ऑड्युबॉन या अमेरिकी पक्षीचित्रकाराने गिधाडांवर केलेल्या प्रयोगांपासून घट्ट बसला होता. 1960 च्या दशकात बेट्सी बँग यांनी पक्ष्यांच्या मेंदूतले वासाचे भाग मोजले तेव्हा या गणातले आकडे ठळकपणे मोठे निघाले. मग 1995 मध्ये गॅब्रिएल नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रावर डायमिथिल सल्फाइडचा वास सोडून पाहिला. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी (प्राणी-प्लवक) तशाच सूक्ष्म वनस्पती (वनस्पती-प्लवक) खायला लागले की हा वायू सुटतो, किनाऱ्यावर आपल्याला येणाऱ्या समुद्राच्या वासातही त्याचा वाटा असतो, म्हणजे जिथे हा वास तिथे खाद्य असायची शक्यता. अनेक पेट्रेल त्या वासावर आले, अल्बाट्रॉस फारसे आले नाहीत. 2013 मध्ये अ‍ॅना गाग्लियार्दो आणि सहकाऱ्यांचं काम आलं. त्यांनी अझोर्स बेटांवरचे कोरीचे शिअरवॉटर शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडले, काहींना चुंबकीय दिशाज्ञान बिघडावं म्हणून चुंबक लावलेलं, काहींची वासाची जाणीव बंद केलेली. चुंबकवाले नीट घरी आले, वास गेलेले भरकटले. या पक्ष्यांना स्वतःलाही उग्र, कस्तुरीसारखा वास असतो आणि संग्रहालयात कापूस भरून ठेवलेल्या त्यांच्या कातड्यांचा ड्रॉवर कित्येक वर्षांनी उघडला तरी तो येतो.

याच नाकामुळे आता त्यांचा घात होत असावा. समुद्रात बराच काळ पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळ वाढून त्यालाही डायमिथिल सल्फाइडचा वास येतो असं 2016 च्या एका अभ्यासात दिसलं. त्यावर आक्षेप घेतले गेलेत, वासामुळेच खातात हे सिद्ध झालेलं नाही. पण खातात याबद्दल वाद नाही, ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावर फ्लेश-फूटेड शिअरवॉटरच्या एका पिल्लाच्या पोटात प्लास्टिकचे दोनशेहून जास्त तुकडे निघालेत. हे वाचून पोटात कालवतं.

उडण्याचं तंत्र लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1883 मध्येच मांडलं होतं. पाण्यालगत वारा मंद, वर जोरात, या फरकातून ताकद घेत पक्षी वर चढतो, वळतो, खाली येतो, परत चढतो आणि पंख फार कमी हलवतो. म्हणून यांना वारा लागतो, वारा पडला की पुष्कळदा पाण्यावर बसून राहतात. 1952 मध्ये वेल्सच्या स्कोकहोम बेटावरचा एक मँक्स शिअरवॉटर विमानाने बोस्टनला नेऊन सोडला, तो सुमारे 5000 किलोमीटर कापून साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परत आला, त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र त्याच्यानंतर पोचलं. सूटी शिअरवॉटरना ट्रॅकर लावले तेव्हा न्यूझीलंडपासून उत्तर पॅसिफिकपर्यंत वर्षाला 64,000 किलोमीटरच्या आसपास प्रवास निघाला.

घरटं बहुतेकांचं बिळात किंवा कपारीत, अंडं हंगामाला एकच. मँक्स शिअरवॉटर साधारण 50 दिवस उबवतो, पिल्लू उडायला आणखी 70 दिवस. पालक पोटातल्या तेलावर पिल्लू वाढवतात, हे तेल खाद्यातून साठतं आणि ऊर्जेच्या हिशोबात डिझेलच्या जवळपास जातं (डायव्हिंग पेट्रेलांमध्ये ते नसतं). गलसारखे शिकारी टाळायला लहान जाती रात्रीच येतात. मात्र जहाजातून उतरलेल्या उंदरांपुढे बीळ काही कामाचं नाही, आयल ऑफ मॅनजवळच्या काफ ऑफ मॅन बेटावरची मँक्स शिअरवॉटरची प्रसिद्ध वसाहत उंदरांनीच संपवली असं मानतात. उलटं उदाहरण बर्म्युडाच्या कहाउचं, सतराव्या शतकात संपला असं धरलेला हा पेट्रेल 1951 मध्ये जिवंत सापडला. त्याच्या बिळांत ट्रॉपिकबर्ड हे दुसरे समुद्रपक्षी घुसायचे, म्हणून तोंडाशी अशा मापाचं भोक असलेली फळी बसवली की कहाउ आत जाईल आणि ट्रॉपिकबर्ड अडेल. डेव्हिड विंगेट यांनी या पक्ष्यासाठी अख्खं आयुष्य घातलं.

अरबी समुद्रातली माहिती त्या मानाने तुटपुंजी. पर्शियन शिअरवॉटरचं वर्णन ए. ओ. ह्यूम यांचं, साल सहसा 1872 देतात, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच हे ह्यूम. ती स्वतंत्र जात की ऑड्युबॉनच्या शिअरवॉटर-गटातली उपजात, यावर एकमत नाही. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकाकडे वीण करून आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इकडे येतो, काळा, कमरेवर पांढरा पट्टा, बोटांमधलं कातडं पिवळं. फ्लेश-फूटेड शिअरवॉटरही दक्षिणेकडूनच येतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून एरवी हे क्वचित दिसतात, पावसाळी वादळानंतर एखादा थकून वाळूवर येऊन पडतो तेव्हा लोकांना कळतं. असा पक्षी सापडला तर उचलून परत लाटेत टाकू नका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाला किंवा जवळच्या पक्षीमित्रांना कळवा. पोटावर सरकतो म्हणून पाय मोडलाय असं वाटतं, पण पुष्कळदा तो धड असतो, शिअरवॉटरचे पाय शरीराच्या पार मागे असतात आणि जमिनीवर तो तसाच चालतो.