नैसर्गिक निवड

एकाच जातीच्या जीवांमध्ये असलेल्या आनुवंशिक भिन्नतेमुळे काही जीव इतरांपेक्षा अधिक संतती मागे ठेवतात आणि त्यांचे गुणधर्म पुढच्या पिढ्यांत वाढत्या प्रमाणात आढळू लागतात; या प्रक्रियेला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. दोघांचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्रच वाचले गेले आणि पुढच्या वर्षी डार्विनचा जातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

उत्क्रांती आणि नैसर्गिक निवड या संज्ञा समानार्थी नाहीत. एखाद्या समष्टीच्या, म्हणजे एका ठिकाणी राहणाऱ्या एकाच जातीच्या जीवांच्या समूहाच्या, आनुवंशिक घडणीत पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल म्हणजे उत्क्रांती, आणि निवड हे त्या बदलाचे एक कारण. उत्परिवर्तनामुळे, म्हणजे जनुकात अचानक होणाऱ्या बदलामुळे, नवे जनुकप्रकार (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे) निर्माण होतात, स्थलांतरामुळे ते एका समष्टीतून दुसरीत जातात, तर जनुकीय विचलनात, विशेषतः समष्टी लहान असल्यास, त्यांचे प्रमाण निव्वळ योगायोगाने कमीजास्त होते. ‘उत्क्रांती’ या मराठी शब्दातील ‘उत्’ या उपसर्गामुळे काहीतरी वर चढत असल्याचा भास होतो आणि ‘क्रमविकास’ या पर्यायी शब्दाने तो अधिकच गडद होतो. प्रत्यक्षात अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या माशांचे डोळे पिढ्यांच्या ओघात नाहीसे होणे, हीदेखील उत्क्रांतीच होय.

निवड प्रत्यक्ष घडताना पाहण्याची संधी प्रशांत महासागरातील गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर या लहानशा बेटावर मिळाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून तेथील फिंच पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालून त्यांच्या चोचींची मोजमापे घेण्यास सुरुवात केली. १९७७ मध्ये पावसाने पाठ फिरवली. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी लवकरच संपवल्या आणि उरली ती प्रामुख्याने टणक, काटेरी फळे. त्यांत आपल्याकडील सराट्याच्या, म्हणजे गोखरूच्या, प्रजातीतल्याच एका वनस्पतीची फळे होती. अनवाणी पायात सराटा रुतलेल्या कोणालाही हे फळ फोडायला काय ताकद लागत असेल याची कल्पना येईल. मध्यम भूफिंच या जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी नाहीसे झाले. तगले त्यांत जाड चोचीचे पक्षी अधिक होते आणि त्यांच्या चोचींची सरासरी जाडी दुष्काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. चोचीची जाडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असल्याने १९७८ च्या पिलांतही हा फरक उतरला.

येथे दुष्काळात कोणत्याही पक्ष्याची चोच गरजेपोटी जाड झाली नाही. जाड चोचीचे पक्षी आधीपासूनच होते, बदलले ते केवळ त्यांचे प्रमाण. १९८२–८३ मध्ये एल निन्योमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, धुवाधार पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि त्यानंतरच्या काळात लहान चोचीच्या पक्ष्यांचे पारडे जड झाले. अनुकूलन हे त्या त्या परिस्थितीपुरते असते, ते असे.

‘योग्यता’ ही संज्ञा याच अर्थाने घ्यावी लागते. ‘योग्यतमाचा टिकाव’ हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचा (१८६४); डार्विनने तो आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या आवृत्तीत स्वीकारला. ‘बळी तो कान पिळी’ असा त्याचा अर्थ लावला जातो तो चुकीचा आहे, कारण योग्यता मोजायची ती जगून प्रजननक्षम होणाऱ्या संततीवरून, अंगातल्या बळावरून नव्हे. मोराचा पिसारा शत्रूपासून पळताना अडचणीचाच, पण लांडोरीची पसंती मिळवून देत असल्याने तो टिकतो. डार्विनने याला लैंगिक निवड असे वेगळे नाव दिले.

एकच जनुकप्रकार हितकर आणि घातक दोन्ही असू शकतो. सिकलसेलचा जनुकप्रकार दोन्ही पालकांकडून आला तर गंभीर रक्तविकार होतो. एकाकडूनच आला तर त्या व्यक्तीला, म्हणजे वाहकाला, फॅल्सिपॅरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या तीव्र स्वरूपापासून बरेच संरक्षण मिळते. त्यामुळे मलेरियाग्रस्त प्रदेशांत निवडीने तो पुसला न जाता टिकून राहिला. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत तो लक्षणीय प्रमाणात आढळतो. मलेरिया हटला की वाहकाला मिळणारा हा फायदा संपतो, मात्र जनुकप्रकार लगेच जात नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक इतकीच राहते.