पासवर्ड मागतंय कोण, बोर्ड की डिस्क?

भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणला. कुठल्याशा कंपनीतून निघालेला, दणकट, किंमतही बरी. घरी येऊन चालू केला तर विंडोज यायच्या आधीच काळ्या स्क्रीनवर पासवर्डची चौकट. दुकानदार फोनवर म्हणाला, "आतला सेल काढून रात्रभर ठेवा, जाईल." सेल काढला, रात्र गेली, चौकट जिथल्या तिथे. मग कुणीतरी सुचवलं, फॉरमॅट मार. मारणार कसा? पेनड्राइव्हपर्यंत मशिन पोचतच नव्हतं.

विंडोज यायच्या आधी लॅपटॉप पासवर्ड मागतो तेव्हा सगळे त्याला सरसकट 'बायोस पासवर्ड' म्हणतात (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी मशिन जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्राम). पण त्या काळ्या स्क्रीनमागे दोन वेगळी कुलुपं असू शकतात. एक मदरबोर्डचं, दुसरं खुद्द डिस्कचं. दोन्हींची चौकट जवळपास सारखीच दिसते, म्हणून घोळ होतो. विसरल्याचे परिणाम मात्र उलटे आहेत. बोर्डाचा पासवर्ड विसरलात तर बोर्डावर पाणी सोडावं लागू शकतं, डेटा बहुधा वाचतो. डिस्कचा विसरलात तर लॅपटॉप ठणठणीत राहतो आणि डेटा जातो.

आधी बोर्डाचं. यातही दोन प्रकार आहेत. पॉवर-ऑन पासवर्ड मशिन सुरूच होऊ देत नाही. सुपरवायझर पासवर्ड (काही कंपन्या त्याला अ‍ॅडमिन म्हणतात) फक्त बायोसची सेटिंग्ज बंद ठेवतो. सुपरवायझर लावलेला लॅपटॉप महिनोन्‌महिने सुरळीत चालतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

सेल काढायचा सल्ला आला डेस्कटॉपच्या जमान्यातून. तिथे पासवर्ड सीमॉसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या छोट्या मेमरीत असायचा आणि सीमॉसची आठवण सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलवर टिकून असायची. सेल काढला किंवा बोर्डावरचा जंपर हलवला की पासवर्ड साफ. लॅपटॉप बनवणाऱ्यांना हे परवडणारं नव्हतं, कारण लॅपटॉप चोरीला जातो. त्यांनी पासवर्ड अशा चिपमध्ये नेला जिला आठवण ठेवायला वीज लागतच नाही. म्हणून सेल रात्रभर काढा नाहीतर महिनाभर, उपयोग नाही. लेनोव्होच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये नुसता पॉवर-ऑन पासवर्ड असेल तर बॅटरी आणि सेल काढून तो जातो. सुपरवायझर लावलेला असला की तेही बंद.

मग उपाय काय? खरेदीची पावती घेऊन कंपनीकडे जाणं. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत मालकीची खातरजमा झाल्यावर सपोर्टकडून सोडवणूक होते. लेनोव्होचं धोरण कडक आहे: थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर पैसे भरून मदरबोर्ड बदला. इंटरनेटवर कोड बनवून देणारे भेटतात, चिप उपटून नवी लिहून देणारे कारागीरही भेटतात. काहींचं काम होतं, काहींचा बोर्ड जातो.

आता डिस्कचं. हे कुलूप बायोसच्या स्क्रीनवरून लावलं जातं, पण पासवर्ड राहतो डिस्कच्या आत. हार्ड डिस्कला कित्येक वर्षांपासून ही सोय आहे, एसएसडीलाही आहे. वीज गेली की डिस्क स्वतःला बंद करून घेते. पुढच्या वेळी बायोस फक्त निरोप्याचं काम करतो: तुमच्याकडून पासवर्ड घेतो आणि डिस्कला देतो. डिस्कला पटलं तर ती उघडते. पाच वेळा चुकलात तर मशिन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय ती ऐकूनच घेत नाही. अशी डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी ती बंदच. फॉरमॅट करायला गेलात तर तेही नाही, कारण लिहायलाही परवानगी लागते.

यातली एक मेख फार जणांना ठाऊक नसते. वेगवेगळ्या कंपन्यांचे बायोस तुम्ही टाइप केलेला पासवर्ड वेगवेगळ्या पद्धतीने रूपांतरित करून डिस्कला पाठवतात. त्यामुळे एका ब्रँडच्या लॅपटॉपवर लावलेलं कुलूप दुसऱ्या ब्रँडच्या लॅपटॉपवर अचूक पासवर्ड देऊनही उघडेलच असं नाही. पासवर्ड आठवत असेल आणि बोर्ड बिघडला असेल, तर त्याच ब्रँडचं मशिन शोधा.

हार्ड डिस्क पासवर्ड विसरल्यावर लेनोव्होसुद्धा हात वर करते: डेटा परत मिळणार नाही, डिस्क बदला. काही एसएसडींच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा कोड छापलेला असतो. तो वापरून डिस्क नव्यासारखी करता येते, पण आतलं सगळं पुसूनच.

आपल्यासमोर यातलं कोणतं आहे हे ओळखायला स्क्रूड्रायव्हर पुरतो. मशिन बंद करा, बॅटरी सोडवा, डिस्क काढा, पुन्हा सुरू करा. चौकट गेली तर ती डिस्कची होती. तरीही आली तर बोर्डाची. स्टोरेज बोर्डावरच चिकटवलेलं असेल तर हे जमत नाही. मग चौकटीतला मजकूर आणि चित्र नीट बघावं, बऱ्याच मॉडेलांत डिस्कचा पासवर्ड मागताना तसा उल्लेख असतो.

कुलूप डिस्कचं नसून बोर्डाचं आहे असं कळलं की लोक खूश होतात: डिस्क काढू, यूएसबीच्या डबीत घालू, फाइली उचलू. जुन्या मशिनांत हे खरंच इतकं सोपं आहे. विंडोज ११च्या लॅपटॉपवर मात्र थांबा. तिथे डिस्कवरचा डेटा अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, झालेला असतो आणि रोजची किल्ली त्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते. डिस्क दुसरीकडे लावली किंवा बोर्ड बदलला की बिटलॉकर, म्हणजे विंडोजची ही एन्क्रिप्शनची सोय, ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, म्हणून बोर्ड उघडायला देण्याआधी दुसऱ्या मशिनवरून त्या खात्यात शिरून ती लिहून घ्यावी. हा क्रम उलटा झालेले लोक माझ्याकडे रडत आलेले आहेत.

मॅकमध्येही अशीच जोडी आहे. इंटेल मॅकचा फर्मवेअर पासवर्ड दाराचा: रोज सुरू होताना तो विचारत नाही, दुसऱ्या डिस्कवरून किंवा रिकव्हरीतून सुरू करायला गेलात की कुलपाचं चित्र येतं. तो विसरलात तर मूळ पावती घेऊन अ‍ॅपलच्या सेवा केंद्रात जावं लागतं. डेटावरचं कुलूप म्हणजे फाइलव्हॉल्ट, ते वेगळं. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये फर्मवेअर पासवर्ड हा प्रकारच नाही.

भाच्याला फोनवर डिस्क काढायला लावली. चौकट गायब. दुकानदाराने कुरकुर करत विंडोज टाकलेली दुसरी डिस्क दिली आणि जुनी ठेवून घेतली. आठ दिवसांनी भाचा पुन्हा फोनवर: "मामा, बायोसमध्ये जायला गेलो तर तिथे आणखी एक पासवर्ड!" तो सुपरवायझरचा. पावतीवर नाव दुकानाचं, मूळ कंपनी कोणती ते दुकानदारालाही ठाऊक नाही. विंडोज चालतंय, म्हणून तो तसाच वापरतोय.