मचाणावरची रात्र म्हणजे व्याघ्रगणना नव्हे

बुद्ध पौर्णिमा उलटली की दोन दिवसांत ठरलेली बातमी येते: ‘प्राणीगणनेत अमुक वाघ, तमुक बिबटे, गेल्या वर्षीपेक्षा संख्या घटली.’ मग कुणी जंगल संपल्याची हळहळ व्यक्त करतं, तर आकडा वाढलेला असेल तर अभिनंदनाचा पाऊस पडतो. या दोन्हीला काही आधार नसतो. त्या रात्री वन विभाग लोकांना मचाणावर बसवतो त्या कार्यक्रमाचं नाव ‘निसर्गानुभव’ आहे. व्याघ्रगणना हे वेगळं काम आहे. ते देशभर चार वर्षांतून एकदा होतं आणि त्यात पौर्णिमेचा काही संबंध नसतो.

मचाणाचं बहुतेकांना माहीत आहे. वैशाखात नाले आटलेले असतात, जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यात ती दिसतात. दुपारी मचाण गाठायचं, सोबत एक मार्गदर्शक, सकाळी उतरायचं. मातकट कपडे, भरपूर पाणी, अत्तर नको, मोबाइल बंद, टॉर्च पिशवीत.

खरा घोळ होतो तो मचाणावर मिळणाऱ्या तक्त्यामुळे. त्यात वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लं असे रकाने असतात. सकाळी सगळे तक्ते गोळा होतात, बेरीज होते आणि ती बेरीज ‘जंगलातले प्राणी’ म्हणून छापली जाते. पण ती बेरीज नोंदींची असते, प्राण्यांची नव्हे.

समजा, एकाच नाल्यावर दीड-दोन किलोमीटरच्या अंतराने तीन पाणवठे आहेत. एक बिबट्या रात्री नऊला पहिल्यावर दिसला, साडेअकराला दुसऱ्यावर आणि पहाटे चारला तिसऱ्यावर. तिन्ही मचाणांनी प्रामाणिकपणे ‘बिबट्या १’ लिहिलं. बेरजेत बिबटे तीन झाले, जंगलात मात्र एकच. चितळांचा अठराचा कळप पाचला पाणी पिऊन गेला आणि साडेसहाला त्यातले बारा परत आले, की झाले तीस. उलट बाजूने पाहिलं तर जी वाघीण आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी पिऊन शिकारीजवळ पडून राहिली, ती त्या रात्रीच्या हिशेबात नाहीच. चिंकारा तर पाण्याविना बरेच दिवस काढतो, त्यामुळे पाणवठ्यावर बसून त्याचा अंदाज घेणं फोल आहे.

वर्षावर्षांची तुलना तर त्याहून धोक्याची. आदल्या आठवड्यात अवकाळी सर येऊन गेली, तर दगडांच्या खळग्यांत पाणी साचतं, जनावरं पांगतात आणि मचाणं रिकामी राहतात. प्राणी तेवढेच असतात, आकडा मात्र निम्म्यावर येतो. मचाणं साठाची ऐंशी केली की आकडा वाढतो. सौरपंपावर एक नवा पाणवठा सुरू केला की जुन्याची नोंद घसरते. ढग आले तर चांदणं जातं, आणि पाणवठ्यावर आलेलं भेकरू होतं की चौसिंगा हे अंधारात जाणकारालाही खात्रीने सांगता येत नाही. छापायचंच असेल तर निदान ‘अमुक मचाणांवर एवढ्या नोंदी’ असं छापावं आणि आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता का, तेही लिहावं.

या गोंधळाला इतिहास आहे. पूर्वी पाणवठ्यावरची मोजणी आणि पाऊलखुणा यांवरच सरकारी आकडे उभे होते. वाघाच्या ठशावर काच ठेवून रेषा गिरवायची, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा आणि मागच्या डाव्या पंजावरून वाघ ओळखायचा. १९७२ साली देशात १८२७ वाघ मोजले गेले ते याच पद्धतीने. अडचण अशी की तोच वाघ मऊ धुळीत आणि घट्ट मातीत वेगळा ठसा उमटवतो. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये वाघ कागदावर होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ साली उघड झालं. त्यानंतर पद्धत बदलली. नव्या पद्धतीचा २००६चा पहिला आकडा १४११ होता.

आता मोजतात ते कॅमेऱ्याने. जंगलाचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात वाघाच्या नेहमीच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर एकेक कॅमेरा लावतात. जोडी कशाला? कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. कुठे फक्त डाव्या आणि कुठे फक्त उजव्या बाजूचा फोटो असला तर एका वाघाचे दोन वाघ होतात. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो पांढरा करतो, म्हणून ते थोडे पुढेमागे ठेवतात. समोरचं गवत कापायचं राहिलं तर वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांच्या फोटोंनी कार्ड भरून जातं.

पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखला जातो. तोच वाघ दहा ठिकाणी दिसला तरी तो एकच. मचाणाच्या तक्त्यात नेमकं हेच होत नाही. शिवाय कोणता वाघ किती वेळा आणि कुठे टिपला गेला, यावरून न टिपलेल्यांचा अंदाज काढता येतो. २०१८च्या २९६७ या आकड्यात २४६१ वाघ प्रत्यक्ष फोटोतले होते, बाकीचे गणिताने आलेले. म्हणून आकड्यासोबत पल्ला दिला जातो: २०२२ला किमान ३१६७, सरासरी ३६८२, कमाल ३९२५. महाराष्ट्राचा आकडा २०१८ला ३१२ होता, २०२२ला ४४४. वाघ वाढले की घटले यावर वाद घालायचाच असेल तर या आकड्यांवर घालावा. एक वर्षाच्या आतले बछडे यात धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं.

ज्यांना खरोखर मोजणीत हातभार लावायचा आहे, त्यांनी मचाणाऐवजी ट्रान्सेक्ट सर्वेक्षणाला जावं. काही व्याघ्र प्रकल्प त्यासाठी स्वयंसेवक बोलावतात. आखलेली सुमारे दोन किलोमीटरची सरळ रेषा उजाडताच चालायची आणि दिसलेल्या चितळ-सांबरांची नोंद करायची, कारण वाघ किती जगतील हे शेवटी तृणभक्ष्यांवर ठरतं. प्राणी, कळपातली संख्या, रेंजफाइंडरने अंतर, होकायंत्राने दिशा, एवढंच लिहायचं असतं. दूरचा प्राणी नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त असते. किती सुटले याचा हिशेब अंतरावरूनच लागतो, म्हणून अंतराची चूक सगळ्यात महागात पडते.

चूक होते ती दोन प्रकारे. एक, कळप उधळल्यावर तो जिथे थांबला तिथलं अंतर घेतात. घ्यायचं असतं ते पहिल्यांदा दिसला त्या जागेचं, आणि तेही कळपाच्या मध्यापर्यंतचं. प्राणी हलला असेल तर तो ज्या झाडापाशी उभा होता त्या बुंध्यावर रेंजफाइंडर रोखावा. दोन, यंत्र ४७ मीटर दाखवत असताना वहीत ५० लिहितात. ४७ दिसलं तर ४७च लिहावं.