परदेशातील वाहतूक पोलीस आणि लाच : नैतिक विचार

परक्या देशात वाहन चालवत असताना वाहतूक पोलिसाने अडवले, तर अधिकृत दंड भरण्याऐवजी त्याच्या हाती रोख रक्कम देऊन सुटका करून घ्यावी का, हा उपयोजित नीतिशास्त्रातील एक प्रश्न. रक्कम बहुधा लहान असते, प्रसंग दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो आणि प्रवासी दुसऱ्या दिवशी ते गाव सोडूनही जातो. त्यामुळे सहलीच्या गप्पांत हा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात लाच आणि खंडणी यांतली सीमारेषा, पाहुण्याची यजमान समाजाशी असलेली बांधिलकी आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची सुरक्षितता हे तिन्ही विषय या लहानशा व्यवहारात गुंतलेले आहेत.

लाच की खंडणी

बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. पहिलीत चालकाने खरोखर नियम मोडलेला असतो : सिग्नल तोडला, वेगमर्यादा ओलांडली, दारू पिऊन गाडी चालवली. दंडापेक्षा कमी पैशांत सुटायचे म्हणून तो ‘तोडपाणी’ करतो. दुसरीत चालकाने काहीच केलेले नसते. पोलीस आरोप रचतो, परवाना किंवा पासपोर्ट हातात घेतो आणि तो परत देण्याचे मोल मागतो. पहिलीत चालक आणि पोलीस मिळून तिसऱ्याचे नुकसान करतात. दुसरीत पोलीस गुन्हेगार असतो आणि चालक त्याचा बळी. ‘अडला हरी’ गाढवाचे पाय धरतो तेव्हा दोष हरीचा नसतो. बंदूकधारी पोलिसाने रात्री निर्जन रस्त्यावर पैसे मागितले आणि चालकाने ते दिले, तर त्याला भ्रष्टाचारी म्हणणे अन्यायाचे आहे.

मात्र बहुतेक प्रसंग या दोहोंच्या मधले असतात. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ नाही, हेल्मेट हँडलला अडकवलेले आहे, एकेरी रस्त्यात गाडी शिरली आहे. चूक खरी पण किरकोळ, आणि पोलिसाने दाखवलेली भीती मात्र अवाच्या सवा. अशा वेळी चालक स्वतःला बळी समजतो, कारण तसे समजणे सोयीचे असते. नैतिक विचाराची खरी कसोटी इथे आहे. आपण पैसे देतो ते खोट्या धमकीतून सुटण्यासाठी की खऱ्या दंडातून सुटण्यासाठी, याचे उत्तर चालकाला स्वतःला बहुधा ठाऊक असते.

खऱ्या दंडातून सुटण्यासाठी दिलेली रक्कम ‘कोणाचेच नुकसान न करणारी’ नसते. वेगमर्यादा शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलांसाठी असते. ती पैशाने वाकते असे चालकाला आणि पोलिसाला दोघांनाही कळले की तिचा धाक संपतो. याचा भारतीय पुरावा दिल्लीतल्या वाहन परवान्यांवरील 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. मारियान बर्ट्रांड, सिमिऑन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन यांना असे आढळले, की परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी चाचणी दिलेलीच नव्हती आणि स्वतंत्र चाचणीत सुमारे 62 टक्के लोक गाडी चालवण्यास अपात्र ठरले. दलालामार्फत पैसा फिरला की फक्त रांग टळत नाही. ज्याला गाडी चालवता येत नाही तो रस्त्यावर येतो.

मेक्सिकोतील ‘मोर्दिदा’

या विषयाची सर्वांत परिचित भूमी मेक्सिको. तिथे या चिरीमिरीला ‘मोर्दिदा’ म्हणतात आणि वाहतूक पोलिसांना ‘त्रान्सितो’. अनेक नगरपालिकांत दंड भरेपर्यंत परवाना किंवा गाडीची नंबरप्लेट तारण म्हणून ठेवून घेण्याची पद्धत रूढ होती. ज्याचे दुसऱ्या दिवशी सकाळी विमान आहे अशा पर्यटकावर दबाव आणायला एवढे पुरते. पोलीस सहसा स्पष्ट मागणी करत नाही. दंडाची रक्कम मोठी आहे, कार्यालय लांब आहे, ते आता सोमवारीच उघडेल, असे तो शांतपणे सांगतो आणि थांबतो. ‘इथेच काही करता येईल का?’ हे वाक्य चालकाच्या तोंडून निघावे अशी त्या थांबण्याची रचना असते. मेक्सिकोच्या दंडविधानात लाच देणाराही गुन्हेगार आहे. त्यामुळे आधी कोण बोलले याला नैतिक आणि कायदेशीर, दोन्ही दृष्टींनी महत्त्व येते.

पर्यटकाची समजूत असते, की आपण परके म्हणून आपल्यालाच लुबाडले जाते. ब्रायन फ्राइड, पॉल लागुनेस आणि अथीन्दर वेंकटरमणी यांनी मेक्सिको सिटीत केलेला प्रयोग वेगळे चित्र दाखवतो. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आर्थिक थरांतले वाटतील अशा चालकांनी चौकात मुद्दाम बेकायदा डावे वळण घेतले. सुस्थितीतल्या चालकांना पोलिसांनी ताकीद देऊन सोडण्याकडे कल दाखवला. लाचेची मागणी गरीब दिसणाऱ्यांकडे झाली. श्रीमंताची वर ओळख असेल, तो आपली नोकरी धोक्यात आणेल, ही भीती त्यामागे होती. परदेशी माणसाची वर ओळख नसते, पण खिशात पैसा असतो आणि हाताशी वेळ नसतो, म्हणून तोही सापडतो. फरक एवढाच, की तो आठवड्याने घरी जातो. त्या चौकातून रोज टेम्पो घेऊन जाणारा माणूस तिथेच राहतो. पर्यटकाच्या पैशावर पोसलेली सवय उद्या त्याच्यावर चालवली जाते. परदेशी चालकाचा दोष स्थानिकापेक्षा जड ठरतो तो याच कारणाने.

आचेमधील ट्रक

रस्त्यावरच्या वसुलीचा हिशेब इतक्या बारकाईने क्वचितच कुठे मांडला गेला असेल, जितका इंडोनेशियाच्या आचे प्रांतात. बेंजामिन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांच्या अभ्यासात 2005-06 मध्ये निरीक्षक ट्रकचालकांशेजारी बसून गेले. 304 फेऱ्यांत त्यांनी पोलीस, सैनिक आणि वजनकाट्यांवरचे कर्मचारी यांना दिलेल्या 6,000 पेक्षा अधिक बेकायदा रकमा नोंदवल्या. फेरीच्या सीमान्त खर्चाचा (एक जादा फेरी करायला येणाऱ्या खर्चाचा) सुमारे 13 टक्के भाग त्यात जात होता. सरकार आणि तिथले फुटीरतावादी बंडखोर यांच्यातील 2005 च्या शांतता करारानंतर लष्कर आणि पोलीस मागे घेतले गेले, रस्त्यावरची नाकी कमी झाली, तेव्हा उरलेल्या नाक्यांवरचा दर वाढला. ट्रक मुक्कामाच्या जितका जवळ, तितकी मागणी मोठी, कारण तिथवर आलेला चालक माघारी फिरू शकत नाही. म्हणजे ही रक्कम ठरवली जाते ती समोरचा किती अडलेला आहे आणि किती देऊ शकेल ते पाहून. तिला ठरलेल्या हप्त्याची किंवा चहापाण्याची उपमा शोभत नाही. डॉलर, युरो किंवा दिरहॅम खिशात असलेला पाहुणा घासाघीस न करता पैसे देतो, तेव्हा समोरचा काय देऊ शकेल याचा पोलिसाचा अंदाज तो वर नेतो.

समर्थनाचे युक्तिवाद

‘देश तसा वेश’ हा सर्वांत लाडका युक्तिवाद. तो कपड्यांना, जेवणाला, अभिवादनाला लागू पडतो. इथे तो फसतो, कारण एखादी गोष्ट सर्रास चालते आणि ती लोकांना मान्य असते, यांत अंतर आहे. मेक्सिकन नागरिक मोर्दिदा देतात आणि तिचा तिटकाराही करतात, जसा आपल्याकडे ‘पावती फाडू का?’ ऐकणारा दुचाकीस्वार करतो. परक्याने त्याला ‘त्यांची संस्कृती’ म्हणणे हा त्या लोकांचा अपमान आहे.

दुसरा युक्तिवाद पोलिसांच्या तुटपुंज्या पगाराचा. त्यात तथ्य आहे. जिथे शिपायाला घर चालवण्याइतका पगार मिळत नाही आणि वरिष्ठांनाही वाटा पोचवावा लागतो, तिथे त्याच्याकडे केवळ लोभी माणूस म्हणून पाहणे अपुरे आहे. पण दया दाखवायची असेल तर ती स्वतःचा दंड वाचवून दाखवता येत नाही.

तिसरा, आणि विचार करण्याजोगा, मुद्दा सक्तीचा. भारताच्या अर्थ मंत्रालयाचे तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी 2011 मध्ये असे सुचवले होते, की हक्काची गोष्ट मिळवण्यासाठी नाइलाजाने दिलेली लाच देणाऱ्यापुरती कायदेशीर ठरवावी. मग तो निर्भयपणे तक्रार करील आणि घेणारा घाबरेल. त्यावर बरीच टीका झाली, विशेषतः लाच देण्याची लाजच नाहीशी होईल या अंगाने. पुढे 2018 साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीने लाच देणाऱ्याला थेट गुन्हेगार ठरवले, मात्र सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केल्यास त्याला सूट ठेवली. नैतिक दृष्ट्या हा निकष समंजस आहे. सक्ती झाली होती असे म्हणणाऱ्याने ती झाकून ठेवू नये, इतकीच त्याची अपेक्षा आहे. कायदा भारतातल्या लोकसेवकांपुरता असला, तरी निकष परदेशातही वापरता येतो.

कायद्याची बाजू

परदेशात त्या देशाचा कायदा लागू होतो, आणि जवळजवळ सर्वत्र पोलिसाला लाच देणे गुन्हा आहे. मायदेशाचे कायदे मात्र पर्यटकाच्या चिरीमिरीपर्यंत सहसा पोचत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारातले परकीय अधिकाऱ्यांविषयीचे कलम आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाचेबद्दल आहे. हा करार 2003 सालचा असून भारताने 2011 मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. परकीय अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धच्या अमेरिकेच्या 1977 च्या कायद्याचा रोखही व्यापारावर आहे आणि नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या रकमेला त्यात अपवाद आहे; ब्रिटनच्या 2010 च्या लाचलुचपत कायद्याने असा अपवाद ठेवला नाही. सिंगापूरचा कायदा आणखी पुढे जातो : तिथल्या नागरिकाने परदेशात लाच दिली तरी ती सिंगापुरात दिल्याप्रमाणे गुन्हा ठरते.

मराठी चालकांच्या दृष्टीने सिंगापूर आणि आखाती देश जास्त महत्त्वाचे, कारण तिथे हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि गाडी चालवतात. सिंगापुरात पोलिसाला लाच देऊ करणाऱ्यास 1,00,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. संयुक्त अरब अमिरातीत पोलिसाने न स्वीकारलेली, केवळ देऊ केलेली लाचही गुन्हा आहे. मायदेशात ‘साहेब, ॲडजस्ट करा’ म्हणायची लागलेली सवय तिथे नोकरी, व्हिसा आणि कुटुंबाचे स्थैर्य धोक्यात आणते.

सवय माणसाबरोबर प्रवास करते याचा मोठा पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळाला. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल यांनी तिथल्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतावासांच्या गाड्यांचे पार्किंग दंड तपासले. राजनैतिक संरक्षणामुळे वसुली होत नव्हती. 1997 ते 2002 या पाच वर्षांत 1,50,000 पेक्षा अधिक दंडपावत्या न भरलेल्या राहिल्या, रक्कम 1.8 कोटी डॉलरच्या वर होती. ज्या देशांत भ्रष्टाचार अधिक, त्यांचे अधिकारी अधिक नियम मोडत. नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांच्या नावावर एकही थकीत पावती नव्हती. 2002 च्या अखेरीस थकबाकीदार गाड्यांच्या खास नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला आणि नियमभंग सुमारे 98 टक्क्यांनी घटले. संस्कार खरा, पण तो अटळ नाही, एवढे यातून दिसते.

सुधारणेचे प्रयत्न

पेरूची राजधानी लिमा इथे 1998 पासून वाहतूक नियमनाचे काम महिला पोलिसांकडे सोपवण्यात आले, आणि मेक्सिकोच्या काही भागांत दंडाची पावती देण्याचा अधिकार फक्त महिला अधिकाऱ्यांना दिला गेला. महिला जन्मतः प्रामाणिक असतात या गृहीतकावर उभी असलेली ही योजना आहे. तिने त्यांच्यावर अन्याय्य ओझे टाकले, असेही म्हणता येते.

पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या जॉर्जिया या देशाने वेगळा मार्ग धरला. 2003 च्या ‘गुलाब क्रांती’नंतर सत्तेवर आलेल्या मिखाइल साकाश्विली यांच्या सरकारने 2004 मध्ये सबंध वाहतूक पोलीस दल एकाच झटक्यात बरखास्त केले. हजारो माणसे घरी गेली. जुने दल रस्त्यावरच्या वसुलीवर जगत असे, वसुलीचा वाटा वर जात असे. नव्या गस्ती पोलिसांची भरती स्पर्धेने झाली, त्यांना कित्येक पट पगार मिळाला आणि लाच घेणाऱ्यावर कारवाईही झाली. पोलीस ठाणी काचेच्या भिंतींची बांधली गेली. रस्त्यावरची लाच जॉर्जियात थोड्याच वर्षांत दुर्मीळ झाली. त्या सरकारच्या इतर कारभारावर, विशेषतः तुरुंगांतल्या छळावर, कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. तरीही पोलिसाचा भ्रष्टपणा हा एखाद्या समाजाचा स्वभाव असतो, ही समजूत या उदाहरणाने मोडीत काढली. आज राजधानी तिबिलिसीत शिकणाऱ्या भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्या जुन्या दलाची कल्पनाही नसते.

चालकाचे वर्तन

नैतिक तयारीचा मोठा भाग गाडीत बसण्यापूर्वीचा असतो. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. तो, मूळ परवाना, विमा आणि भाडेकरार सोबत असला की पोलिसाच्या हाती खरे कारण उरत नाही. अडवल्यावर नम्रतेने लेखी पावती मागणे, दंड बँकेत किंवा ठाण्यात भरायची तयारी दाखवणे आणि घाई नाही असे वागणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिसाद असतो, कारण सगळा दबाव घाईवर उभा असतो. आवाज चढवणे किंवा मोठ्या ओळखी सांगणे टाळावे. ओळखीचा धाक हाही एक प्रकारचा भ्रष्टाचार आहे. शस्त्राचा किंवा कोठडीचा धाक असेल तर पैसे देऊन सुटावे, आणि वेळ, ठिकाण, गस्ती गाडीचा क्रमांक लिहून ठेवून सुरक्षित जागी पोचल्यावर तिथल्या तक्रार यंत्रणेकडे व आपल्या दूतावासाकडे कळवावे. चूक खरी असेल तर दंड भरावा. भाड्याच्या गाडीचा कॅमेऱ्यात टिपलेला दंड भाडे कंपनी आपल्या शुल्कासह नंतर कार्डावर लावते, आणि बहुतेक भाडेकरारांत तशी तरतूद आधीच असते.